विश्लेषण : ‘बोले ठराव’ मंजूर झाला, तरी महाडच्या तळ्याचे पाणी का मिळाले नाही?

सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. तो मांडणारे सीताराम केशव बोले यांचे नाव आज मुंबईतील एका रस्त्यापुरते उरले आहे. त्यांचा ठराव अडला तो वरच्या सरकारात नव्हे, तर गावच्या कारभाऱ्यांपाशी. हे कसे घडले?

रायगड जिल्ह्यातील तळा येथे आज नगरपंचायत आहे. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक. त्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागा. कोणता प्रभाग कोणासाठी, हे सोडतीने ठरते आणि सोडतीच्या दिवशी इच्छुकांचा जीव टांगणीला लागतो. तळा पूर्वी माणगाव तालुक्यात होते आणि जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. इंदापूरला महामार्गावर येऊन दक्षिणेकडे निघाले की माणगाव, लोणेरे, दासगाव आणि मग महाड. स्थानिक स्वराज्य संस्था नेमकी कोणाची, हा प्रश्न भारतात सर्वात ठळकपणे विचारला गेला तो याच पट्ट्यात, शंभर वर्षांपूर्वी. त्याची सुरुवात मात्र महाडच्या तळ्यापासून झाली नाही. ती कौन्सिलातील एका ठरावापासून झाली.

बोले कोण होते?

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला जाणारा प्रत्येक जण एस. के. बोले मार्गाजवळून जातो. मराठीत त्यांचा उल्लेख सी. के. बोले असा होतो, तर इंग्रजी आद्याक्षरांमुळे पाटीवर एस. के. आले. माणूस एकच. जन्म २९ जून १८६८ चा, भंडारी समाजातला. माडाची ताडी काढणे हा या समाजाचा किनारपट्टीवरचा जुना धंदा. अबकारी कायद्यांनी त्यावर निर्बंध आले आणि अनेक कुटुंबे मुंबईत गिरण्यांकडे व इतर कामांकडे वळली. त्यामुळे बोले यांचे सार्वजनिक जीवन दोन जागी उभे राहिले : एक जातीच्या शिक्षणाचे काम आणि दुसरे गिरणगाव. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेचे ते अध्यक्ष होते. कामगार आणि मालक यांच्यात मध्यस्थी करणे, कामगारांच्या तक्रारी पुढे नेणे हे या सभेचे काम. पुढच्या काळातील लाल बावट्याच्या संघटनांच्या तुलनेत ती फारच सौम्य होती. पण अशी संघटना असते हेच तेव्हा अनेकांना नवे होते.

त्याआधीची एक घटना बहुतेकांनी बाबासाहेबांच्या चरित्रात वाचलेली असते, पण त्यातल्या अध्यक्षांकडे लक्ष जात नाही. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या कौतुकासाठी सभा भरली. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते. वय एकोणचाळीस. सोळा वर्षांनी त्यांनी कौन्सिलात जो ठराव मांडला, त्याच्या अंमलबजावणीसाठी त्याच मुलाला महाडला यावे लागणार होते.

तेव्हा गावचा कारभार कोणाच्या हाती होता?

लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. त्यानंतर १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात तालुका व जिल्हा लोकल बोर्डे आणि निवडून आलेल्या सभासदांच्या नगरपालिका यांना आकार आला. रस्ते, शाळा, दवाखाने, धर्मशाळा, विहिरी आणि तळी हे त्यांचे काम. मत मात्र सर्वांना नव्हते. सारा भरणारा, घरपट्टी भरणारा, मालमत्ता असलेला तोच मतदार. कुलाब्याच्या दक्षिण भागात आणि रत्नागिरीत खोती होती. सरकारसाठी सारा गोळा करणारा खोत हाच गावातला वजनदार माणूस. तेव्हा बोर्डावर कोण बसणार, हे मतपेटीआधीच बरेचसे ठरलेले असे.

याला एक अपवाद याच भागात घडला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले महार गृहस्थ, जोतीराव फुले यांच्या विचारांचे. अस्पृश्यतेविरुद्ध वृत्तपत्रांतून लिहिणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. ‘नेमले’ हा शब्द महत्त्वाचा. निवडून येण्याचा मार्गच नव्हता. एक अस्पृश्य सभासद आपल्या बरोबरीने बसणार, हे बाकीच्या सभासदांना रुचले नाही. वलंगकर १९०० मध्ये वारले. एका माणसाला खुर्ची मिळाली म्हणून बोर्डाचे पाणवठे खुले झाले नाहीत.

हे फक्त इकडेच घडत होते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत १९२३ मध्ये, म्हणजे बोले यांनी ठराव मांडला त्याच वर्षी, शहरी भागांचा एक कायदा झाला. गोऱ्यांच्या नगरपालिकांना कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या वस्त्या आखण्याचे अधिकार त्याने दिले. तिथे नगरपालिकेने लोकांना वेगळे करावे असे कायद्यातच लिहिले होते. इथे तसे लिहिण्याची गरज पडली नाही. रूढीने ते काम आधीच केले होते.

ठरावात नेमके काय होते?

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिले मोठी झाली आणि स्थानिक स्वराज्य हे खाते भारतीय मंत्र्याकडे आले. मुंबई कौन्सिलात बोले सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेल्या ठरावाचा आशय असा : सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गाला करू द्यावा.

आज हे वाचताना त्यात विशेष काय, असे वाटू शकते. विशेष आहे ते आखणीत. देवळे, घरे, खासगी विहिरी यांना ठरावाने हात लावला नाही. तो फक्त सार्वजनिक पैसा जिथे खर्च होतो त्या जागांपुरता बोलला. धर्म काय सांगतो हा वाद त्याने बाजूला ठेवला आणि करदात्याच्या पैशाचा प्रश्न पुढे आणला. नगरपालिकेच्या तिजोरीतून तळ्याचा गाळ काढला जात असेल, तर ते तळे कोणा एका जातीचे कसे? या प्रश्नाला उत्तर देणे कौन्सिलातील सनातन्यांनाही सोपे नव्हते. ठराव मंजूर झाला.

एक कालक्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. डॉ. आंबेडकर लंडनहून याच वर्षी एप्रिलमध्ये परतले होते. त्यांची बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती पुढच्या वर्षी, जुलै १९२४ मध्ये. म्हणजे बोले ठराव हा आंबेडकरी चळवळीच्या दबावातून आलेला नव्हता. तो आधी आला आणि चळवळीने तो हातात घेतला.

मग तो अडला कुठे?

कौन्सिलाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती सरकारला केलेली शिफारस. मुंबई सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आदेश काढून आपल्या खातेप्रमुखांना ठराव अमलात आणण्यास सांगितले. सरकारच्या स्वतःच्या ताब्यातील जागांपुरते हे ठीक होते. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र भाषा बदलली. जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक संस्थांना या शिफारशीचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच सांगितले गेले. सल्ला ऐकायचा की नाही, हे संस्थेने ठरवायचे. स्थानिक स्वराज्य द्यायचे तर स्थानिकांच्या कारभारात ढवळाढवळ कशी करायची, असा हा सरकारी पवित्रा. ऐकायला तो लोकशाहीचा वाटतो, पण ज्या स्थानिकांना मतच नव्हते त्यांचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

बऱ्याच संस्थांनी ठराव दप्तरात ठेवून दिला. काहींनी तो मान्य केला आणि पुढे काही केले नाही. महाड नगरपालिका या दुसऱ्या गटातली. ५ जानेवारी १९२४ रोजी तिने ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेत सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारक होते. पुढे महाडच्या परिषदेच्या वेळी तेच अध्यक्षपदी होते. पण गावात राहायचे, गावातल्या दुकानदाराकडून उधारीवर माल घ्यायचा आणि खोताच्या जमिनीवर राबायचे, अशा माणसाने केवळ नगरपालिकेचा कागद दाखवून तळ्यात उतरावे कसे? तीन वर्षे कोणी उतरले नाही. कागदोपत्री मात्र तळे खुले होते!

बोले यांनी दुसरा ठराव का मांडला?

ही परिस्थिती बोले पाहत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते कौन्सिलात पुन्हा उभे राहिले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे आधीच्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्यांची शिफारस होती. शाळा असोत की रस्ते, स्थानिक संस्थांचा गाडा सरकारी अनुदानावर चालत असे. उपदेशाने हलत नाही ते पैशाने हलेल, हा हिशेब गिरणी मालकांशी वाटाघाटी केलेल्या माणसाचा आहे. या मुद्द्याकडे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही. बोले यांची आठवण निघते ती पहिल्या ठरावासाठी. स्थानिक संस्थेला हक्क देणाऱ्याने तिच्यावर अटही घातली पाहिजे, हे सांगणारा दुसरा ठराव मात्र जास्त दूरदृष्टीचा होता. आजही केंद्राचा आणि राज्याचा निधी पालिकांना अटींसह मिळतो.

त्याच वर्षीचा आणखी एक कायदा बोले यांच्या नावाशी जोडलेला आहे. लोकांच्या बोलीत तो जोशी बिल. ग्रामजोशाला विधीसाठी बोलावले नाही तरी त्याची दक्षिणा द्यावी लागे. ती सक्ती १९२६ च्या कायद्याने गेली. गावातले वंशपरंपरेचे हक्क आणि गावातला लोकनियुक्त कारभार एकत्र नांदू शकत नाहीत, ही जाण त्यामागे दिसते. खोतीविरुद्धही त्यांनी कौन्सिलात विधेयक आणले होते. ते तडीला गेले नाही. पुढे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप झाला, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले आणि खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये.

महाडमध्ये काय घडले?

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंत विनायक चित्रे, सुरबानाना टिपणीस यांनी तिची जुळवाजुळव केली होती. दुसऱ्या दिवशी सर्वजण डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांच्यामागे तीन आधार होते : कौन्सिलाचा ठराव, सरकारचा आदेश आणि नगरपालिकेचा स्वतःचा ठराव. कोणताही कायदा मोडला गेला नव्हता. उलट कायदा पाळला जावा म्हणून हे सर्व होते. थोड्याच वेळात वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर काठ्यांचे हल्ले झाले. नंतर दही, दूध, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

यापुढची घटना शाळेच्या पुस्तकांत क्वचित येते, पण स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात तीच मोठी आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहावी. बोले यांचा पहिला ठराव ४ ऑगस्टचाच, बरोबर चार वर्षांपूर्वीचा. अध्यक्ष एका बाजूला आणि सभासदांचे बहुमत दुसऱ्या बाजूला. नियमाप्रमाणे सभा भरली, नियमाप्रमाणे मतदान झाले आणि गावातल्या एका मोठ्या वर्गाचा पाण्याचा हक्क नियमाप्रमाणेच काढून घेतला गेला.

डिसेंबरमध्ये सत्याग्रहाची दुसरी परिषद ठरली, तेव्हा तळ्याभोवतीच्या काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना. फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मान राखून तळ्यावर जाणे मात्र स्थगित ठेवण्यात आले.

न्यायालयात नगरपालिकेचे काय झाले?

दावा दहा वर्षे चालला. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयात निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला, १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. तळे आपलेच आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्राचीन रूढी आहे, असे दोन्ही दावे सवर्णांनी केले होते. मालकी सिद्ध झाली नाही. तळे नगरपालिकेकडे सोपवलेले होते. रूढी अनादी काळापासूनची आहे, हेही सिद्ध झाले नाही.

म्हणजे बोले यांच्या ठरावातला मूळ धागाच शेवटी उपयोगी पडला : तळे सार्वजनिक आहे आणि त्याचा ताबा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थेकडे आहे. ज्या नगरपालिकेने पाणी नाकारले, तिच्याच ताब्यामुळे ते खासगी ठरले नाही.

पुढे बोले आणि गावपंचायत

१९३२ मध्ये सरकारने ग्रामपंचायतींना अधिक अधिकार देणारे विधेयक मुंबई कौन्सिलात आणले. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांसाठी राखीव जागा नसतील, तर पंचायतीला दिलेला प्रत्येक अधिकार गावातल्या दुबळ्यांवरच चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. महाडच्या ४ ऑगस्टनंतर त्यांनी वेगळे काही म्हटले असते तरच नवल. गावाबद्दलचा हा अविश्वास त्यांनी १९४८ मध्ये घटना समितीतही लपवला नाही.

बोले यांची वाट नंतर वेगळी झाली. ते हिंदू महासभेच्या कामात गेले आणि मुंबईतील तिच्या प्रमुख पुढाऱ्यांत गणले गेले. ज्या वर्षांत आंबेडकर हिंदू समाजाबाहेर पडण्याचा विचार मांडत होते, त्या वर्षांत बोले हिंदू समाजाच्या एकीच्या राजकारणात होते. एकाच ठरावाने जोडलेल्या दोघांची ही फारकत बोले यांच्या चरित्रात सोयीसाठी गाळली जाऊ नये. कदाचित याच फारकतीमुळे दोन्ही बाजूंच्या आठवणीत त्यांना अर्धीच जागा मिळाली.

१४ जानेवारी १९६१ रोजी बोले वारले, ९२ व्या वर्षी. त्याच वर्षी महाराष्ट्राचा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा मंजूर झाला आणि १ मे १९६२ पासून नवी रचना अमलात आली. आता प्रौढ मताधिकार होता. १९९३ मध्ये ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी अनुसूचित जाती-जमाती व महिलांच्या राखीव जागा राज्यघटनेतच आणल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. नेमणुकीच्या मेहेरबानीवर गोपाळबाबा वलंगकरांना मिळालेली खुर्ची आता निवडणुकीतून मिळू लागली.

तळ्यात हा प्रश्न आता कोणत्या रूपात आहे?

डिसेंबर २०२१ मध्ये तळ्यासह राज्यातील अनेक नगरपंचायतींची निवडणूक लागली होती. सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के आरक्षणाला स्थगिती दिली आणि त्या जागा सर्वसाधारण करण्यास सांगितले. मागासलेपणाची स्थानिक संस्थानिहाय आकडेवारी कुठे आहे, हा न्यायालयाचा प्रश्न होता. त्यामुळे एकाच नगरपंचायतीसाठी दोनदा मतदान झाले : २१ डिसेंबरला बाकीच्या प्रभागांत आणि १८ जानेवारी २०२२ रोजी आरक्षण उठलेल्या प्रभागांत. निकालासाठी सर्वांनाच १९ जानेवारीपर्यंत थांबावे लागले. त्यानंतर जयंतकुमार बांठिया आयोगाने आकडेवारी दिली आणि २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्या आधारे पुढील निवडणुका घेण्यास परवानगी दिली. तळ्यात जे नगरसेवक बसले, ते मात्र या आरक्षणाविना झालेल्या निवडणुकीतूनच आले.